हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलावा काय? : मँचेस्टर युनायटेड क्लबच्या इतिहासाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

इंग्लंडमधील फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो व मे महिन्यात संपतो. नोव्हेंबर-डिसेंबर उजाडला, की गुणतक्त्यात मागे पडलेल्या क्लबांच्या संचालकांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : प्रशिक्षकाला ठेवावे की काढावे? वीस-पंचवीस करारबद्ध खेळाडू एका रात्रीत बदलता येत नाहीत. संचालक स्वतःला क्वचितच बदलतात. बदलता येण्याजोगी व्यक्ती एकच उरते, ती म्हणजे प्रशिक्षक. त्यामुळे पराभवाचे खापर त्याच्या माथी फोडले जाते.

हा प्रश्न वरवर पाहता क्रीडापानापुरता वाटतो. वस्तुतः तो कोणत्याही संस्थेपुढे येणारा प्रश्न आहे. अपुऱ्या काळातील अपुऱ्या पुराव्यावरून माणसाच्या कामाचे मूल्यमापन कसे करावे, हा त्याचा गाभा आहे. या चर्चेत सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे उदाहरण हमखास दिले जाते. मँचेस्टर युनायटेडने १९८९-९० च्या हंगामात त्यांना काढले नाही आणि पुढे २०१३ पर्यंत त्यांनी क्लबला ३८ विजेतेपदे मिळवून दिली, त्यांपैकी १३ साखळी स्पर्धेची होती. म्हणून संयम फळाला येतो, असा हा युक्तिवाद असतो. प्रस्तुत लेखात या युक्तिवादाची ऐतिहासिक तपासणी केली आहे. त्यासाठी एकाच क्लबचा सुमारे अर्धशतकाचा इतिहास घेतला आहे, कारण या क्लबने हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक काढलाही आहे आणि राखलाही आहे. इंग्लंडमध्ये या पदाला ‘मॅनेजर’ म्हणतात व त्यात खेळाडूंच्या निवडीपासून खरेदीपर्यंतची कामे येत असत. येथे सोयीसाठी ‘प्रशिक्षक’ हीच संज्ञा वापरली आहे.

पार्श्वभूमी : बझबी यांच्यानंतरचा काळ

सर मॅट बझबी यांनी १९४५ पासून उभारलेल्या युनायटेडने १९६८ मध्ये युरोपियन चषक जिंकला. १९६९ मध्ये बझबी प्रशिक्षकपदावरून दूर झाले व त्यांची जागा क्लबमध्येच वाढलेल्या विल्फ मॅकगिनेस यांना मिळाली. डिसेंबर १९७० मध्ये, म्हणजे हंगामाच्या ऐन मध्यावर, मॅकगिनेस यांना दूर करून बझबींनाच काही महिन्यांसाठी परत आणण्यात आले. त्यानंतर आलेल्या फ्रँक ओफॅरेल यांच्या संघाने १९७१ च्या नाताळापर्यंत गुणतक्त्यात आघाडी घेतली होती. परंतु तो हंगाम आठव्या स्थानावर संपला. पुढच्या हंगामात घसरण सुरूच राहिली. १६ डिसेंबर १९७२ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने युनायटेडचा ५-० असा धुव्वा उडवला आणि तीन दिवसांत ओफॅरेल यांची गच्छंती झाली.

त्यांच्या जागी आलेल्या टॉमी डॉकर्टी यांच्या कारकिर्दीतील निर्णय अधिक विचार करण्याजोगा आहे. १९७३-७४ मध्ये युनायटेड २१ व्या स्थानावर राहिला व द्वितीय श्रेणीत घसरला. युरोपियन चषक जिंकून जेमतेम सहा वर्षे झालेल्या क्लबसाठी ही मोठीच नामुष्की होती. तरीही मंडळाने डॉकर्टी यांना कायम ठेवले. त्यांनी संघात तरुण खेळाडू आणले, खेळाची पद्धत आक्रमक केली, १९७५ मध्ये द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवून संघ पुन्हा वर आणला आणि १९७७ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफ. ए. चषक जिंकला. म्हणजे अवघ्या दोन वर्षांच्या आत याच क्लबने एका प्रशिक्षकाला पाच गोलांच्या पराभवानंतर तीन दिवसांत काढले, तर दुसऱ्याला श्रेणी गमावल्यावरही ठेवले.

१९८१ मध्ये याहून विलक्षण गोष्ट घडली. डेव्ह सेक्स्टन यांच्या संघाने हंगामातील अखेरचे सातही सामने जिंकले आणि तरीही हंगाम संपताच सेक्स्टन यांना निरोप देण्यात आला. मंडळाचे त्यांच्याविषयीचे मत त्या सात विजयांनी बदलले नाही. निकाल हा प्रशिक्षकाला ठेवण्या-काढण्याचा एकमेव आधार असतो, या समजाला क्लबच्या इतिहासात असा आधीपासूनच तडा गेलेला आहे.

एकच संचालक मंडळ, दोन निर्णय : १९८६ आणि १९८९

फर्ग्युसन यांच्या गोष्टीची सुरुवात सामान्यतः १९८९ पासून केली जाते. वास्तविक ती नोव्हेंबर १९८६ पासून करावयास हवी, कारण फर्ग्युसन या पदावर आले तेच हंगामाच्या मध्यावर झालेल्या एका हकालपट्टीमुळे. त्यांचे पूर्वसूरी रॉन ॲटकिन्सन यांनी पाच पूर्ण हंगामांत संघाला एकदाही चौथ्या स्थानाच्या खाली जाऊ दिले नव्हते. १९८३ व १९८५ असे दोन एफ. ए. चषक त्यांच्या नावावर होते. १९८५-८६ च्या हंगामाची सुरुवात तर त्यांच्या संघाने सलग दहा विजयांनी केली होती. त्यानंतर घसरण झाली आणि १९८६-८७ च्या हंगामात नोव्हेंबर उजाडेपर्यंत युनायटेड २२ संघांच्या तक्त्यात तळाच्या चार संघांत जाऊन पडला. लीग चषकाच्या फेरलढतीत साउदॅम्प्टनने ४-१ असे हरवल्यानंतर मंडळाने ॲटकिन्सन यांना काढले. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी ४४ वर्षांच्या फर्ग्युसन यांची नेमणूक झाली. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन या तुलनेने लहान क्लबला त्यांनी तीन वेळा साखळी विजेतेपद आणि १९८३ मध्ये रेआल माद्रिदवर मात करून युरोपियन कप विनर्स कप मिळवून दिला होता.

आता फर्ग्युसन यांच्या पहिल्या तीन हंगामांकडे पाहावे. युनायटेड अनुक्रमे अकरावा, दुसरा व पुन्हा अकरावा आला. एकही चषक हाती लागला नाही. १९८९ च्या उन्हाळ्यात व शरद ऋतूत नील वेब, गॅरी पॅलिस्टर, पॉल इन्स, माइक फेलन आणि डॅनी वॉलेस या खेळाडूंवर प्रचंड खर्च करण्यात आला. पहिल्याच सामन्यात गतविजेत्या आर्सेनलला ४-१ असे हरवल्याने आशा उंचावल्या. परंतु वेब इंग्लंडकडून खेळताना सप्टेंबरमध्येच गंभीर जखमी झाले. २३ सप्टेंबर रोजी शहरातील प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीने युनायटेडला ५-१ असे लोळवले. ९ डिसेंबरला क्रिस्टल पॅलेसने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन २-१ असा विजय मिळवला, तेव्हा तीन वर्षांच्या सबबी पुरे झाल्या, आता निरोप घ्या, अशा आशयाचा फलक प्रेक्षकांत झळकला. त्या संपूर्ण डिसेंबर महिन्यात संघाने एकही सामना जिंकला नाही.

या दोन परिस्थिती शेजारी-शेजारी ठेवल्या, तर एक विसंगती स्पष्ट दिसते. निव्वळ निकालांच्या आधारे पाहता १९८६ मधील ॲटकिन्सन यांची बाजू १९८९ मधील फर्ग्युसन यांच्यापेक्षा कितीतरी भक्कम होती. तरीही मंडळाने पहिल्याला काढले व दुसऱ्याला ठेवले. अध्यक्ष दोन्ही वेळी मार्टिन एडवर्ड्स हेच होते आणि १९८४ पासून संचालक असलेले बॉबी चार्ल्टन हेही दोन्ही वेळी मंडळावर होते. याचा अर्थ मंडळ गुणतक्त्याच्या पलीकडचे काहीतरी पाहत होते.

मंडळाला काय दिसत होते?

फर्ग्युसन यांच्या कामाचा जो भाग सामन्यांच्या निकालात उमटत नव्हता, तो तीन प्रकारचा होता. पहिला म्हणजे शिस्त. खेळाडूंची तंदुरुस्ती आणि मद्यपानाची सवय हे प्रश्न त्यांनी उघडपणे हाती घेतले. १९८९ मध्ये पॉल मॅकग्रा व नॉर्मन व्हाइटसाइड या प्रेक्षकप्रिय खेळाडूंना त्यांनी विकले. या निर्णयांची किंमत तात्काळ मोजावी लागली. लाभ मात्र पुढे होता. दुसरा भाग संघबांधणीचा होता. पॅलिस्टर व इन्स हे तरुण होते आणि ते रुळण्यास अवधी लागणार होता.

तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे युवा विभाग. क्लबचा युवा प्रशिक्षक म्हणून एरिक हॅरिसन आधीपासून कार्यरत होते. फर्ग्युसन यांनी गुणवंत मुलांचा शोध घेणारी यंत्रणा वाढवली. रायन गिग्ज या मुलाला १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये, त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, क्लबने आपल्याकडे घेतले. १९९२ मध्ये युवा चषक जिंकणाऱ्या संघात गिग्ज यांच्यासह डेव्हिड बेकहॅम, निकी बट व गॅरी नेव्हिल होते. डिसेंबर १९८९ मध्ये यांपैकी कुणाचेही नाव गुणतक्त्यात शोधून सापडले नसते. परंतु सरावाच्या मैदानावर नियमित जाणाऱ्या संचालकाला हे काम दिसू शकत होते. चार्ल्टन स्वतः याच क्लबच्या युवा संघातून आले होते, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

मात्र इतिहासलेखनाच्या दृष्टीने येथे सावधगिरी आवश्यक आहे. फर्ग्युसन यांना काढण्याचा विचारच झाला नव्हता, असे एडवर्ड्स यांनी पुढील काळात सांगितले आहे. हे निवेदन विजयानंतरचे आहे. यश मिळाल्यावर आपला निर्णय दूरदृष्टीचा होता असे वाटणे हा मानवी स्वभाव आहे. शिवाय मंडळाच्या शांततेला इतरही कारणे होती. ऑगस्ट १९८९ मध्ये मायकेल नाइटन यांनी दोन कोटी पौंडांत क्लब खरेदी करण्याची तयारी दाखवली होती आणि तो व्यवहार ऑक्टोबरमध्ये फिसकटला. त्यामुळे मंडळाचे लक्ष त्या महिन्यांत मालकीच्याच प्रश्नाकडे लागलेले होते. नुकताच एवढा पैसा एका प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून खर्च केल्यानंतर त्यालाच काढणे म्हणजे तो खर्च वाया गेल्याची कबुली देणे ठरले असते. संयमामागे दूरदृष्टी होती, तशी अडचणही होती. हे दोन्ही घटक नोंदवल्याशिवाय त्या निर्णयाचे चित्र पूर्ण होत नाही.

एका गोलाची दंतकथा

७ जानेवारी १९९० रोजी एफ. ए. चषकाच्या तिसऱ्या फेरीत युनायटेडने नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवले. गोल मार्क रॉबिन्स या युवा संघातून आलेल्या खेळाडूचा होता. या एका गोलाने फर्ग्युसन यांची नोकरी वाचली, अशी कथा रूढ झाली आहे. परंतु त्या गोलाने संघाचा खेळ पालटला, असे दाखला पाहता म्हणता येत नाही. त्यानंतरचे दोन्ही साखळी सामने, डर्बी व नॉरिच यांच्याविरुद्धचे, युनायटेडने गमावले. १८ नोव्हेंबरच्या विजयानंतर पुढचा साखळी विजय मिळाला तो थेट १० फेब्रुवारीला. मधल्या ११ सामन्यांत एकही विजय नव्हता. हंगामाच्या अखेरीस संघ ४८ गुणांसह तेराव्या स्थानावर राहिला आणि श्रेणी गमावणाऱ्या शेफील्ड वेन्सडेपेक्षा त्याचे गुण अवघे पाचने अधिक होते.

चषक स्पर्धेत मात्र नशिबाने साथ दिली. उपांत्य फेरीत ओल्डॅमशी ३-३ अशी बरोबरी होऊन फेरलढतीत निसटता विजय मिळाला. १२ मे रोजीच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी पुन्हा क्रिस्टल पॅलेसच होता. अतिरिक्त वेळेत युनायटेड २-३ असा पिछाडीवर असताना मार्क ह्यूज यांनी बरोबरी साधली. फेरलढतीसाठी फर्ग्युसन यांनी ॲबर्डीनपासूनचे आपले गोलरक्षक जिम लेटन यांना वगळून लेस सीली यांना उतरवले आणि १७ मे रोजी ली मार्टिन यांच्या एकमेव गोलावर चषक जिंकला. मार्टिन हेही क्लबच्या युवा संघातूनच आलेले. पुढे १९९१ मध्ये बार्सिलोनाला हरवून युरोपियन कप विनर्स कप आणि १९९३ मध्ये तब्बल २६ वर्षांनी साखळी विजेतेपद मिळाले.

ह्यूज यांचा तो गोल झाला नसता, तर काय घडले असते, हे सांगता येत नाही. परंतु गोल झाला नसता तरी पॅलिस्टर, इन्स आणि युवा विभागातील मुले यांच्या गुणवत्तेत काही फरक पडला नसता. त्या मे महिन्यात फर्ग्युसन यांना काढले असते, तरी त्यांचे काम तेवढेच चांगले ठरले असते. ते कुणाला कळले मात्र नसते.

संख्याशास्त्रीय अभ्यासांचा निष्कर्ष

प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो, असा अनुभव वारंवार येतो व तो खोटा नसतो. प्रश्न त्याच्या कारणाचा आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की टोकाच्या निरीक्षणानंतर येणारे निरीक्षण सरासरीकडे झुकते. प्रशिक्षकाला काढले जाते ते सहसा सर्वांत वाईट टप्प्यावर, आणि त्या टप्प्यानंतर सुधारणा बहुधा होणारच असते. नेदरलँड्सच्या अव्वल साखळीतील १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास करून बास टेर वील यांनी २०११ मध्ये असे मांडले, की प्रशिक्षक बदलल्याने संघाची कामगिरी सुधारल्याचे दिसत नाही. २०१६ मध्ये यान व्हान ऑर्स व मार्टिन व्हान टाउल यांनी त्याच देशातील २००० ते २०१४ मधील हंगामांची तुलना केली. तितक्याच वाईट टप्प्यातून जाऊनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, ते संघही तितकेच सावरले होते. त्याही आधी, १९६४ मध्ये, अमेरिकी बेसबॉलच्या संदर्भात गॅमसन व स्कॉच या समाजशास्त्रज्ञांनी प्रशिक्षकाच्या हकालपट्टीचे वर्णन बळीचा बकरा शोधण्याचा विधी असे केले होते.

हे निष्कर्ष सरासरीचे आहेत, हे विसरता कामा नये. चेल्सीने ४ मार्च २०१२ रोजी आंद्रे व्हिलास-बोआस यांना काढले आणि हंगामी प्रशिक्षक रोबेर्तो दी मात्तेओ यांनी त्याच मे महिन्यात एफ. ए. चषक व चॅम्पियन्स लीग अशी दोन विजेतेपदे मिळवली. उलटपक्षी जर्मनीत बोरुसिया डॉर्टमंड फेब्रुवारी २०१५ मध्ये तक्त्याच्या अगदी तळाला असतानाही क्लबने युर्गन क्लॉप यांना ठेवले आणि संघ सातवा आला. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे जसे चेल्सीच्या बाबतीत खरे आहे, तसेच ते फर्ग्युसन यांच्याही बाबतीत खरे आहे. ज्यांना संयमाने ठेवले आणि जे तरीही अपयशी ठरले, त्यांची नावे युक्तिवादात घेतली जात नाहीत, एवढेच.

फर्ग्युसनोत्तर काळ

फर्ग्युसन यांच्या निवृत्तीनंतर युनायटेडने दोन्ही मार्ग अवलंबिले. डेव्हिड मॉइस यांना एप्रिल २०१४ मध्ये, जोसे मोरिन्यो यांना डिसेंबर २०१८ मध्ये आणि ओले गुनार सोल्स्कयार यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये हंगाम चालू असतानाच दूर करण्यात आले. लुई व्हान हाल यांनी २१ मे २०१६ रोजी एफ. ए. चषक जिंकला, पराभूत संघ पुन्हा क्रिस्टल पॅलेसच होता, आणि दोनच दिवसांत त्यांना काढण्यात आले. एरिक टेन हाग यांनी मे २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून तोच चषक जिंकला. त्यानंतर त्यांना कायम ठेवून कराराची मुदत वाढवण्यात आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुढचा हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, हटवण्यात आले. त्या हंगामात नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ ४२ गुणांसह पंधराव्या स्थानावर राहिला.

क्रिस्टल पॅलेसविरुद्धचे चार प्रसंग एकत्र पाहिले, तर निकाल आणि निर्णय यांतील नाते किती सैल आहे, हे ध्यानात येते. १९७२ मध्ये हरल्यावर प्रशिक्षक गेला, १९८९ मध्ये हरल्यावर राहिला, १९९० मध्ये जिंकल्यावर राहिला आणि २०१६ मध्ये जिंकल्यावर गेला. यांतील कोणता निर्णय बरोबर होता, हे त्या-त्या सामन्याकडे पाहून ठरवता येत नाही.

येथे बदललेल्या परिस्थितीचीही नोंद घ्यावयास हवी. १९९२ मध्ये प्रीमिअर लीग सुरू झाल्यापासून दूरचित्रवाणीच्या उत्पन्नामुळे श्रेणी गमावण्याची आर्थिक किंमत कैक पटींनी वाढली आहे. साहजिकच संचालकांची भीतीही वाढली. दुसरीकडे, २००२-०३ पासून खेळाडूंची खरेदी ठरावीक काळापुरती मर्यादित झाल्याने हंगामाच्या मध्यावर येणाऱ्या प्रशिक्षकाला बहुतांशी पूर्वीच्याच खेळाडूंवर भागवावे लागते. म्हणजे बदलाची घाई वाढली आणि बदल घडवण्याची शक्ती मात्र घटली.

निष्कर्ष

प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावर ठेवावे की काढावे, याचे एकच उत्तर इतिहास देत नाही. परंतु उत्तर कोठे शोधू नये, हे तो स्पष्टपणे सांगतो. अलीकडच्या आठ-दहा निकालांत ते नसते. दुखापती, प्रतिस्पर्ध्यांचा क्रम आणि निव्वळ योगायोग यांचा त्यांत मोठा वाटा असतो. ते निकाल झाकून ठेवले, तर या प्रशिक्षकाविषयी आपले मत काय असते, हा प्रश्न संचालकांनी स्वतःला विचारावयास हवा. सरावाची पद्धत टिकून आहे काय, खेळाडूंचा विश्वास उरला आहे काय, तरुण खेळाडू घडत आहेत काय आणि नव्याने येणाऱ्या व्यक्तीला उरलेल्या काळात नेमके काय बदलता येणार आहे, या प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असतील, तर सेक्स्टन यांचे सात विजयही पुरेसे नसतात. उत्तरे अनुकूल असतील, तर डॉकर्टी यांच्याप्रमाणे श्रेणी गमावलेल्या प्रशिक्षकालाही ठेवण्यात शहाणपण असते.

या दृष्टीने पाहता १९८९ मधील मंडळाचे श्रेय संयमापुरते नाही. जे काम गुणतक्त्यात दिसत नव्हते, ते पाहण्याइतके त्याचे काही सदस्य त्या कामाच्या जवळ होते, हे ते श्रेय आहे. संयम हा त्या ज्ञानाचा परिणाम होता. अशा ज्ञानाविना दाखवलेला संयम आणि अशा ज्ञानाविना केलेली हकालपट्टी या दोहोंत, इतिहासाच्या दृष्टीने, फारसा फरक उरत नाही.